जुन्या घरमालकाने वाईट शेरा दिला असेल, तर नवे घर शोधताना या चुका टाळा

घर पसंत पडलेले असते, भाड्यावर एकमत झालेले असते, आणि मग एजंट किंवा नवा घरमालक जुन्या घरमालकाकडे चौकशी करतो. त्यानंतर काही दिवस निरोपच येत नाही, आणि अखेर "घर आता नात्यातल्याच माणसाला देत आहोत" अशा गुळमुळीत शब्दांत नकार मिळतो. नकाराचे खरे कारण क्वचितच सांगितले जात असल्यामुळे भाडेकरू अंदाजाने वागू लागतो : पुढच्या ठिकाणी जुना पत्ताच सांगत नाही, नाहीतर विचारण्याआधीच जुन्या भांडणाची कैफियत मांडतो, किंवा दुप्पट अनामत रक्कम द्यायला तयार होतो. मूळ शेऱ्याने जितके नुकसान होते, त्याहून अधिक नुकसान या धांदलीने होते, असे मला वाटते.

नव्या घरमालकाला भाडेकरूच्या स्वभावाची परीक्षा घ्यायची नसते. भाडे वेळेवर येईल का, घर ज्या स्थितीत दिले त्याच स्थितीत परत मिळेल का, आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी आपल्या दाराशी येणार नाहीत ना, एवढीच त्याची चिंता असते. वाईट शेरा बहुधा यांपैकी एखाद्याच गोष्टीबद्दल शंका निर्माण करतो. ती शंका कोणती हे ओळखून तेवढीच दूर करणे, हे भाडेकरूचे काम आहे.

शेऱ्यात काय आहे हे न पाहताच उत्तर देणे

"तो माझ्याबद्दल वाईटच सांगत असणार" हे गृहीत धरणे ही पहिली चूक. जुना घरमालक कदाचित "भाडे नेहमी मिळाले, पण जाताना घर साफ करून दिले नाही" एवढेच सांगत असेल, आणि भाडेकरू मात्र थकबाकीचा खुलासा तयार करून बसलेला असेल. म्हणून शक्य असेल तेथे जुन्या घरमालकालाच लेखी विचारावे. मजकूर साधा असावा : "मी नवीन घर शोधत आहे. आपल्याकडे चौकशी झाल्यास भाडे, घराची स्थिती आणि घर सोडताना दिलेली नोटीस यांबद्दल आपण काय कळवाल, हे कृपया सांगावे." उत्तर आले नाही तरी विचारल्याची नोंद राहते, आणि पुष्कळदा लेखी प्रश्न आल्यावर फोनवर सैल बोलणारा माणूसही शब्द जपून वापरू लागतो. मित्राला नवा घरमालक असल्याचे भासवून फोन करायला लावण्याचा मार्ग काहीजण सुचवतात; तो उघडकीस आला तर उरलासुरला विश्वासही जातो, म्हणून त्या वाटेला न गेलेलेच बरे.

काही देशांत ही चौकशी फोनपुरती नसते. भाडेकरूंचा पूर्वेतिहास गोळा करून विकणाऱ्या कंपन्या असतात आणि घरमालक त्यांच्याकडून अहवाल मागवतो. अमेरिकेत अशा अहवालांना १९७०चा फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट लागू होतो : अहवालाच्या आधारे नकार दिल्यास घरमालकाला तसे कळवावे लागते व कंपनीचे नाव द्यावे लागते, भाडेकरू ६० दिवसांच्या आत त्या अहवालाची प्रत विनामूल्य मागू शकतो, आणि चुकीच्या नोंदीवर हरकत घेतल्यास कंपनीला साधारणपणे ३० दिवसांत तिची तपासणी करावी लागते. ऑस्ट्रेलियातील बहुतेक राज्यांत वादग्रस्त भाडेकरूंची माहिती ठेवणाऱ्या याद्यांतील नोंद तीन वर्षांपेक्षा जुनी ठेवता येत नाही. अशा अहवालांत केवळ नाव जुळल्यामुळे दुसऱ्याच माणसाचा खटला आपल्या खात्यावर जमा झालेला असू शकतो, त्यामुळे प्रत मागवून ओळ न् ओळ वाचावी. मात्र नव्या घरमालकाने स्वतः जुन्याला फोन करून काही विचारले असेल, तर या प्रकारच्या कायद्याची फारशी मदत होत नाही, हेही ध्यानात असावे.

जुना पत्ता गाळणे किंवा मित्राला घरमालक म्हणून उभे करणे

ही युक्ती अनेकांना सुचते आणि बहुतेक वेळा उघडी पडते. घराची मालकी कोणाच्या नावावर आहे हे अनेक ठिकाणी सरकारी नोंदींतून पाहता येते. बँकेच्या स्टेटमेंटवर दरमहा भाडे कोणाला गेले ते दिसते. ओळखपत्रावर किंवा पगाराच्या कागदांवर जुना पत्ता असतो. शिवाय अनुभवी एजंट "घरमालक" म्हणून दिलेल्या माणसाला मुद्दाम साधे प्रश्न विचारतो : करार कोणत्या महिन्यात सुरू झाला, अनामत किती होती, घर कोणत्या मजल्यावर आहे. मित्र तेथे अडखळतो. खोटी माहिती देऊन करार झाला, तर तो पुढे रद्द होण्याचा धोका राहतो आणि घर ऐन वेळी सोडावे लागू शकते. दोन वर्षांचा पत्ता गाळला की निर्माण होणारी पोकळीही वाईट शेऱ्याइतकीच बोलकी असते.

गाऱ्हाणे मांडणे

याच्या नेमकी उलट चूक म्हणजे सगळे सांगणे. जुना घरमालक किती लोभी होता, त्याने पाणी कसे बंद केले, रात्री-अपरात्री कसा दार वाजवायचा, हे सारे खरे असले तरी ऐकणारा माणूसही घरमालकच असतो. उद्या हा आपल्याबद्दलही असेच बोलेल, हा विचार त्याच्या मनात येतो. तक्रार खरोखर गंभीर असेल आणि न्यायाधिकरणाने किंवा न्यायालयाने निकाल दिला असेल, तर निकालाची प्रत द्यावी आणि विशेषणे घरी ठेवावीत.

खुलासा लहान असावा, चौकशी होण्याआधी द्यावा आणि शक्यतो लेखी द्यावा. त्यात काय घडले, का घडले, आता काय बदलले आणि पुरावा कोणता, एवढेच असावे. उदाहरणार्थ :

"मागील घरात मी तीन वर्षे राहत होतो. शेवटच्या वर्षी चार वेळा भाडे पाच ते नऊ दिवस उशिरा गेले, कारण नोकरी बदलल्यावर पगाराची तारीख पुढे गेली होती. पूर्ण भाडे चुकते झालेले असून काहीही येणे बाकी नाही. बँकेचे स्टेटमेंट सोबत जोडले आहे. माझा पगार आता महिन्याच्या सात तारखेला जमा होतो. त्यामुळे भाड्याची तारीख दहा ठेवावी, अशी विनंती आहे."

यात माफी मागितलेली नाही आणि कुणावर ठपकाही ठेवलेला नाही. उशीर झाला हे मान्य आहे, तो किती दिवसांचा होता हे आकड्यांत आहे, आणि पुन्हा तसे होऊ नये यासाठी एक ठोस व्यवस्था सुचवली आहे. घरमालकाला स्टेटमेंट आणि पत्र ताडून पाहता येते. "कधीमधी थोडा उशीर झाला असेल" असे मोघम लिहिले असते, तर त्याने सर्वांत वाईट अर्थ काढला असता.

भरपूर कागद, पण चुकीचे

ओळखपत्रे, पगाराच्या पावत्या, ओळखीच्या मोठ्या माणसांची प्रशस्तिपत्रके अशी फाईल जाडजूड होते आणि ज्या मुद्द्यावर शंका आहे त्याच मुद्द्याचा कागद तीत नसतो. शेरा कशाबद्दल आहे त्यावर कागद ठरतो.

भाड्याबद्दल असेल, तर बारा महिन्यांचे स्टेटमेंट घेऊन भाड्याच्या नोंदी खुणा करून द्याव्यात. रोखीने दिले असेल तर पावत्या, आणि पावत्याही नसतील तर "भाडे मिळाले" असे सांगणारे संदेश. पुढच्या वेळी रोख देऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

घराच्या नुकसानीबद्दल असेल, तर प्रकरण अधिक गुंतागुंतीचे असते, कारण झीज आणि नुकसान यांतील फरकावरच बहुतेक वाद होतात. रंग फिका पडणे, फरशी घासली जाणे, दाराची मूठ सैल होणे ही वापराने होणारी झीज आहे आणि अनेक देशांचे भाडेविषयक कायदे तिचा खर्च भाडेकरूवर टाकू देत नाहीत. फुटलेली काच किंवा परवानगीविना पाडलेली भोके हे नुकसान होय. ओलीचा प्रश्न तर हमखास निघतो. घरमालक म्हणतो की खिडक्या बंद ठेवल्यामुळे बुरशी आली. भाडेकरू म्हणतो की नळाची पाइप गळत होती. फोटो नीट काढलेले असतील तर त्यातून पुष्कळ उलगडते : गळतीचा डाग सहसा एका जागी, पाइपच्या किंवा छताच्या आसपास, कडेला पिवळसर रेषा धरून असतो, तर हवेतील दमटपणामुळे येणारी काळी बुरशी थंड कोपऱ्यांत, खिडकीच्या चौकटीपाशी आणि भिंतीला टेकलेल्या कपाटांमागे पसरते. म्हणून फोटोसोबत तो कधी काढला आणि दुरुस्तीची विनंती कधी पाठवली, हे दाखवणारा मूळ संदेश जोडावा. ओल दिसताच कळवले होते, हे त्यातून सिद्ध होते, आणि नव्या घरमालकाच्या दृष्टीने तेच सर्वांत मोलाचे असते.

आवाजाच्या किंवा शेजाऱ्यांशी झालेल्या वादाच्या बाबतीत कागद फारसे मिळत नाहीत. त्याआधीच्या घरमालकाचे पत्र, किंवा त्याच इमारतीतील एखाद्या शेजाऱ्याने स्वतःचे नाव व संपर्क देऊन लिहिलेल्या चार ओळी उपयोगी पडतात. मुदतीआधी घर सोडले म्हणून शेरा वाईट असेल, तर दिलेली नोटीस आणि भरलेली भरपाई दाखवावी.

जुने प्रकरण तसेच उघडे ठेवणे

थकबाकी खरी असेल तर ती न फेडता नवे घर शोधत राहण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक चौकशीत तोच मुद्दा पुन्हा वर येतो. एकरकमी देणे जमत नसेल तर हप्ते ठरवावेत आणि ते लेखी ठरवावेत. शेवटचा हप्ता देताना "यापुढे कोणतेही येणे बाकी नाही" असे सही-तारखेचे पत्र मागून घ्यावे. पैसे दिले आणि पत्र राहून गेले, असे प्रकार नेहमी होतात.

याच वेळी आणखी एक गोष्ट मागता येते. चांगला शेरा द्या, असा आग्रह धरला तर जुना घरमालक चिडतो. त्याऐवजी फक्त वस्तुस्थिती सांगणारे पत्र मागावे. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत राहिले, भाडे किती होते, आज बाकी काय आहे, एवढेच. बहुतेक लोक याला तयार होतात, कारण त्यात त्यांना स्तुतीही करावी लागत नाही आणि खोटेही बोलावे लागत नाही. तो खरोखरच खोटे सांगत असेल, तर त्याला आधी पुराव्यासह लेखी कळवून दुरुस्ती मागावी, आणि मग स्थानिक भाडेकरू संघटनेचा किंवा वकिलाचा सल्ला घ्यावा. कायदेशीर कारवाईची धमकी पहिल्याच पत्रात दिली की तडजोडीची वाट बंद होते.

घाबरून पैसे पुढे करणे

वाईट शेऱ्याची भरपाई जास्त अनामत देऊन करावी, हा विचार स्वाभाविक आहे आणि मर्यादेत ठीकही आहे. पण अनेक ठिकाणी अनामतीवर कायद्याने मर्यादा असते. इंग्लंडमध्ये २०१९च्या कायद्याप्रमाणे वार्षिक भाडे ५०,००० पौंडांपेक्षा कमी असेल, तर पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही. म्हणून आपल्या ठिकाणचा नियम आधी पाहावा. जादा रक्कम दिलीच, तर ती कशासाठी आहे आणि कधी परत मिळणार, हे करारात लिहून घ्यावे.

खरा धोका दुसरीकडे आहे. चार नकार पचवलेला माणूस "कोणतीही चौकशी नाही, आजच टोकन भरा" अशा जाहिरातीकडे ओढला जातो, आणि फसवणूक करणाऱ्यांना असाच माणूस हवा असतो. घर आतून पाहिल्याशिवाय, मालकीचा पुरावा तपासल्याशिवाय आणि कराराचा मसुदा वाचल्याशिवाय एक पैसाही देऊ नये. मालक परदेशात आहे आणि किल्ली कुरिअरने येईल, असे कोणी म्हणाले तर तेथेच थांबावे.

जामीनदार देण्याचा पर्याय अनेकदा अनामतीपेक्षा चांगला ठरतो. मात्र ज्याला जामीन राहायला सांगतो, त्याला केवळ भाड्याचीच नव्हे तर नुकसानीचीही जबाबदारी येऊ शकते, हे आधी समजावून सांगावे आणि जबाबदारीची कमाल रक्कम व मुदत करारात नमूद करून घ्यावी.

एकाच साच्यातले अर्ज सगळीकडे पाठवणे

मोठ्या कंपन्या किंवा एजन्सी ठरावीक निकष लावतात आणि अर्ज पुष्कळदा कोणी नीट वाचण्याआधीच बाद होतो. तेथे खुलाशाचा उपयोग कमी. एखाददुसरे घर असलेला मालक स्वतः भेटतो, कागद पाहतो आणि प्रश्न विचारतो. शेरा वाईट असलेल्याने आपला वेळ अशा मालकांसाठी राखून ठेवावा. प्रत्येक अर्जासाठी शुल्क घेतले जात असेल, तर अर्ज भरण्याआधीच "माझ्या मागील घरमालकाच्या अभिप्रायात हा एक मुद्दा आहे, तरीही आपण विचार कराल का?" असे विचारून घ्यावे. नकारच यायचा असेल तर तो पैसे भरण्याआधी आलेला बरा. संपूर्ण घर मिळत नसेल, तर सहा महिन्यांचा लहान करार किंवा मूळ मालकाच्या संमतीने कुणाच्या घरातील एक खोली घ्यावी. त्या काळातील स्वच्छ भाडे-इतिहास पुढच्या अर्जात जुन्या शेऱ्याच्या वर येतो.

आणि घर मिळाल्यावर पहिल्याच दिवशी, सामान लावण्याआधी, प्रत्येक खोलीचे फोटो काढून ते घरमालकाला पाठवावेत. भाडे दरमहा ठरल्या तारखेला आपोआप जावे, यासाठी बँकेत स्थायी सूचना द्यावी. कराराचे नूतनीकरण होईल त्या वेळी, संबंध चांगले असतानाच, भाडे नियमित मिळाल्याचे व घर नीट ठेवल्याचे दोन ओळींचे पत्र मागून ठेवावे. घर सोडण्याची वेळ येईपर्यंत मालक बदललेला असू शकतो, घर विकलेले असू शकते, किंवा अनामतीच्या हिशोबावरून पुन्हा वाजलेले असू शकते; त्या वेळी मागितलेल्या पत्राची भाषा वेगळी असते.