लांब इंग्रजी शब्द फोडायचा कसा आणि जोर द्यायचा कुठे

हनुवटीखाली तळहात धरा, शब्द सावकाश म्हणा. जबडा जितक्यांदा हाताला लागेल, साधारण तितके सिलॅबल, म्हणजे एका झटक्यात म्हटले जाणारे शब्दाचे तुकडे. 'एज्युकेशन'चे चार. 'स्कूल'चा एकच, आपल्याकडं 'इस्कूल' म्हणतात, तिथं दोन होतात. मोजणं एवढंच.

जोराचं मात्र तसं नाही. यवतमाळकडच्या आमच्या गावात ओसरीवर शिकवणी घेते, पण जोर म्हणजे आवाज चढवणं असंच मीही कित्येक वर्षं समजत होते. नागपूरला एका प्रशिक्षणात मी 'डेव्हलपमेंट' तीनदा म्हटलं, दर वेळी 'डे' आणखी ठासून. समोरच्या बाईंना कळेना. जोर 'व्हे'वर हवा होता, आणि बाकीचे तिन्ही सिलॅबल मऊ: डि-व्हे-लप-मंट.

म्हणजे एक सिलॅबल लांबवायचा आणि शेजारचे गिळायचे. गिळणं आपल्याला नवीन नाही. आपण 'शिकवणी' लिहितो आणि 'शिक्वणी' म्हणतो, 'करतो'चं 'कर्तो' करतो. इंग्रजी समोर आलं की मात्र प्रत्येक अक्षराला सारखा मान! याला जबाबदार ती पेन्सिल. पोट्टे शब्दाच्या डोक्यावर 'फोटोग्राफर' लिहितात आणि दोन्ही 'ओ' ठणठणीत वाचतात. लिहायचंच तर 'फ-टॉ-ग्र-फर' लिहा, 'टॉ'खाली रेघ मारा. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर, 'फोटोग्राफिक'मध्ये 'ग्रॅ'वर. शेपूट बदललं की जोर सरकतो. एक पोरगी म्हणाली, "मॅडम, हे तं तोंडातल्या तोंडात बोलल्यावानी वाट्टे." वाटू दे. तसंच हवं.

जागा शोधायला शेपूट बघा. शेवटी 'शन', 'इक' किंवा 'इटी' असेल तर बहुतेक वेळा जोर त्याच्या लगेच आधी: एज्यु-के-शन, इलेक्-ट्रि-सिटी. 'इंजिनीअर'सारख्या शब्दात जोर शेवटच्या 'नीअर'वरच. 'पॉलिटिक्स' आणि 'टेलिव्हिजन' या नियमाला जुमानत नाहीत, त्यांचा जोर पहिल्यावर. 'पहिल्या सिलॅबलवर जोर द्या, चालून जातं' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. दोन सिलॅबलच्या नामांना ते बरेचदा चालतं, लांब शब्दांना नाही.

शेपटावरून कळलं नाही तर डिक्शनरी उघडा. उच्चारात वरच्या बाजूला बारीक उभी रेघ असते, तिच्या पुढच्या सिलॅबलवर जोर. 'सर्टिफिकेट' काढून बघा: रेघ 'टि'च्या आधी. तहसीलच्या रांगेत मी तरी अजून कुणाच्या तोंडून तो तसा ऐकला नाही.