टेकडीवरील स्वयंसेवी कामात या चुका टाळा

जून उजाडला की पुण्यातील वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी, बाणेर-पाषाणची टेकडी अशा ठिकाणी रविवारी सकाळी कुदळी-फावडी घेतलेले गट दिसू लागतात. मी अशाच एका लहान गटाबरोबर काही वर्षे काम करत आहे. पुढे लिहिलेल्या बहुतेक चुका आमच्या हातून झालेल्या आहेत, त्यामुळे त्या नव्या गटांनी आणि त्यांच्याकडे येणाऱ्या तरुण मुलामुलींनी तरी टाळाव्यात, अशी मनापासून इच्छा आहे.

मोकळी जागा ओसाड समजणे

सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच आहे. पुण्यात वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि टेकड्यांवर बेसॉल्टच्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ असतो. अशा उतारांवर मुळातच कुसळी, पवना, मारवेल यांसारखी गवते, काटेरी झुडपे आणि त्यांच्यामध्ये विरळ उभी असलेली सालई, मोई, धावडा, गणेर, मेडशिंगी, हिवर अशी पानगळीची झाडे असतात. उन्हाळ्यात हा उतार पिवळा पडतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की येथे काहीच नाही, म्हणून झाडे लावली पाहिजेत. प्रत्यक्षात त्याच गवतात चंडोल आणि टिटवी जमिनीवर अंडी घालतात, आणि पावसाळ्यापूर्वी खड्डे खणण्याचा आपला काळ टिटवीच्या विणीच्या हंगामातच येतो.

एके वर्षी आम्ही अशाच एका गवताळ उतारावर एप्रिलमध्ये खड्डे आखले. गटात नव्याने आलेली बारावीची एक विद्यार्थिनी दोनदा म्हणाली, ‘दादा, इथे टिटवी सारखी ओरडत घिरट्या घालते, आपण जरा खालच्या बाजूला जाऊ या का?’ आम्ही तिला आखणीची दोरी धरायला सांगितली आणि काम पुढे नेले. तिसऱ्या दिवशी मातीच्या ढिगाखाली फुटलेली अंडी तिलाच सापडली. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तेथील बहुतेक रोपेही गेली, आणि खणलेल्या पट्ट्यात गवताऐवजी कॉसमॉस आणि गाजरगवत ही तणे माजली. जागेकडे नीट न पाहणे आणि तिच्याकडे पाहणाऱ्या मुलीचे न ऐकणे, या दोन चुका मला तेव्हापासून वेगळ्या वाटत नाहीत.

म्हणून कोणत्याही जागी कुदळ मारण्यापूर्वी किमान एक पूर्ण वर्ष, म्हणजे पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा, त्या जागेची नोंद ठेवावी. गवत कोणते आहे, पक्षी कोठे बसतात, पाणी कोठून वाहते आणि कोठे मुरते, गुरे कोठून येतात, एवढे लिहिले तरी पुष्कळ कळते. झाडे लावायचीच असतील तर जेथे पूर्वी झाडे होती, ओघळीच्या कडेला जेथे माती साठते, किंवा जेथे खाणकामाने उतार उघडा पडला आहे, अशा जागा निवडाव्यात. बीजगोळे, म्हणजे आत बी घातलेले मातीचे गोळे, फेकण्याचे कार्यक्रम तर टाळावेतच, कारण खडकाळ उतारावर पडलेले बहुतेक गोळे रुजत नाहीत, आणि रुजले तरी त्यांतील बी त्या टेकडीचे असेलच असे नाही.

टेकड्यांवर जिकडेतिकडे दिसणाऱ्या गिरिपुष्पाबद्दलही येथेच सांगावेसे वाटते. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेतील आहे आणि लवकर वाढते म्हणून ते मोठ्या प्रमाणावर लावले गेले. ते परके आहे हे कळल्यावर उत्साही मुले कोयता घेऊन निघतात. परवानगीशिवाय झाड तोडणे हा गुन्हा आहे. शिवाय तोडलेल्या खुंटाला पुन्हा जोमाने फुटवे येतात. त्यापेक्षा त्याच्या सावलीत आपोआप उगवलेली देशी रोपे शोधून त्यांना खुणेच्या काठ्या लावाव्यात, त्यांना गुरांपासून आणि आगीपासून जपावे आणि पुढचा निर्णय वन विभागाशी बोलून घ्यावा.

रोपे का जगत नाहीत

लागवडीनंतर रोप खंगू लागले की लगेच जास्त पाणी घालण्याची सवय असते. आधी माती चाचपून पाहावी. खालची पाने पिवळी पडत असतील आणि आळ्यातील माती चिकट ओली असेल, तर मुरमात खणलेल्या खड्ड्यात पाणी तुंबून मुळे कुजत आहेत. अशा वेळी पाणी थांबवून खड्ड्याच्या उताराकडील बाजूने चर काढून द्यावा. शेंडा वाळत असेल आणि माती कोरडी असेल, तर पाणी आणि पालापाचोळ्याचे आच्छादन दोन्ही हवे. रोप वर्षभर जिवंत असूनही तसूभर वाढले नसेल, तर लावताना प्लॅस्टिकची पिशवी काढलेली नसते, किंवा पिशवीत गोल गुंडाळलेली मुळे तशीच पुरलेली असतात.

एक चूक मात्र पुन्हापुन्हा होते आणि ती सहज टाळता येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण झालेली रोपे मेलेली समजून उपटली जातात. पळस, मोई, सालई यांचा स्वभावच पाने गाळण्याचा आहे. काही जातींची रोपे तर उन्हाळ्यात वरून पूर्ण वाळतात आणि पावसाळ्यात मुळापासून पुन्हा फुटतात. खोडाची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर रोप जिवंत आहे. हिरवे दिसले नाही तरी जुलैअखेरपर्यंत थांबावे. लावलेल्या रोपांच्या संख्येपेक्षा तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत असलेल्या रोपांची संख्या अहवालात लिहिण्याचा नियम केला, की लागवडीचे आकडे आपोआप लहान आणि प्रामाणिक होतात.

तण, आग आणि नदी

कॉसमॉसची पिवळी-केशरी फुले सुंदर दिसतात म्हणून काही जण त्याचे बी मुद्दाम टाकतात. असे कधीही करू नये. कॉसमॉस आणि गाजरगवत दोन्ही बी धरण्यापूर्वी, माती ओली असताना मुळासकट उपटावीत. गाजरगवताची नोंद भारतात प्रथम पुण्यातच १९५० च्या दशकात झाली होती. त्याच्या स्पर्शाने त्वचेला त्रास होतो, म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे आवश्यक आहेत.

हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत गवत पेटण्याचा धोका असतो. धूर दिसताच वन विभागाच्या १९२६ किंवा अग्निशमन दलाच्या १०१ या क्रमांकावर कळवावे. अठरा वर्षांखालील मुलांना आग विझवायला कधीही पाठवू नये. जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत आधीच काढलेला पट्टा, तयार करणे हे वन विभागाचे काम आहे आणि त्यात मदत करायची असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी.

मुळा-मुठेच्या किंवा रामनदीच्या काठावर स्वच्छता करताना प्लॅस्टिकबरोबर काठावरची झुडपेही साफ केली जातात. वाळुंज आणि शेरणी ही काठ धरून ठेवणारी झाडे आहेत. ती ओळखूनच विळा चालवावा. काढलेली जलपर्णी पूररेषेच्या आत टाकली तर पहिल्या लोंढ्याबरोबर ती पुन्हा पात्रात जाते.

तरुण मुलांना केवळ मनुष्यबळ समजणे

राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास काम करायचे असते, आणि ते भरण्यासाठी अनेक महाविद्यालये आमच्यासारख्या गटांकडे मुले पाठवतात. शंभर मुले एका सकाळी येतात, छायाचित्र काढले जाते, आणि पुढच्या महिन्यात त्यांतील दोघे-तिघेच पुन्हा दिसतात. यात मुलांचा दोष नाही. ज्याला खड्ड्यामागचे कारण कोणी सांगितले नाही, त्याने पुन्हा का यावे? त्यापेक्षा दहा मुले घ्यावीत आणि प्रत्येकाला एक छोटा, स्वतःचा प्रश्न द्यावा. एका ओघळीत पाणी किती दिवस टिकते, एका मेडशिंगीला फुले कधी येतात, एका पायवाटेवर कोणते पक्षी किती वेळा दिसतात, असे प्रश्न वर्षभर पुरतात. नोंदींच्या प्रत्येक कागदावर त्या मुलाचे नाव राहावे आणि नोंद वापरली गेली तर ते त्याला कळवावे.

मदत म्हणजे मोठी शिष्यवृत्तीच असावी असे नाही. भोसरीहून किंवा हडपसरहून पहाटे येणाऱ्या मुलाला बसभाडे आणि नाश्ता, गटाच्या मालकीची एक दुर्बीण आणि दोन भिंगे, वनस्पती ओळखता न आल्यास आघारकर संशोधन संस्थेतील किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातील केंद्रातील जाणकारांना विचारण्यासाठी एखादे परिचयपत्र, यांनी बराच फरक पडतो. बैठका मराठीत घ्याव्यात. परीक्षेच्या महिन्यांत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे, कोणाची अनुपस्थिती मोजू नये. अल्पवयीन मुलांच्या पालकांची लेखी संमती घ्यावी आणि कामाच्या जागेजवळ स्वच्छतागृह कोठे आहे हे मुलींना आधीच सांगावे. एवढ्या साध्या गोष्टीमुळे अनेक मुली येणे थांबवतात, हे आम्हाला फार उशिरा कळले.

मुलांनाही दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. घरट्याचे किंवा दुर्मीळ कंदिलपुष्पाचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. निसर्गनोंदींच्या ॲपवर ठिकाण झाकण्याची सोय असते, ती वापरा. साप दिसला तर अंतर राखा आणि प्रशिक्षित सर्पमित्राला बोलवा.

त्या विद्यार्थिनीचे शिक्षण आता महाविद्यालयात सुरू आहे. गेल्या दोन वर्षांपासून खड्ड्यांची आखणी करण्यापूर्वी ती आणि तिचे चार सहकारी मार्चपासून दर आठवड्याला उतारावर फिरून टिटवीच्या जागा नकाशावर मांडतात, आणि त्या नकाशावर त्यांची सही झाल्याशिवाय आम्ही कुदळी बाहेर काढत नाही.