आधी कंट्रोल, मग जहाल नमुने

नायट्रोजन-१५ चं, म्हणजे नायट्रोजनच्या जड समस्थानिकाचं, खत घातलेल्या रोपांचे नमुने कुणी मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणारं मशीन) लावायला आणले, की मी पहिलं विचारते: दळले कशात? एकदा माझ्याच कंट्रोल रोपांत, म्हणजे हे खत न दिलेल्या रोपांत, ०.३८ अणुटक्के (शंभर नायट्रोजन अणूंमागे इतके नायट्रोजन-१५) आले. नैसर्गिक प्रमाण ०.३६६. दोन दिवस मी मशीनमध्ये हवेची गळती शोधत बसले. हवा शिरली असती तर आकडा ०.३६६ कडेच ओढला गेला असता, हे डोक्यातच आलं नाही. शेवटी ग्राइंडरच्या झाकणाचं रबर काढलं, तर खाचेत हिरवी पूड. आदल्या दिवशीच्या लेबल केलेल्या, म्हणजे जड खत दिलेल्या, पानांची.

म्हणून कंट्रोल आधी दळायचे, आधी तोलायचे, शक्यतो वेगळ्या चिमट्याने. मशीनमध्ये नमुन्यासकट जळणाऱ्या टिनच्या कॅप्सूलमध्ये पानांची पूड दोन-तीन मिलिग्रॅम पुरते. घडी घालताना कोपरा फाटला तर ती कॅप्सूल सरळ फेका. बाहेर सांडलेला कण शेजारच्या नमुन्याला चिकटतो.

ट्रे भरताना क्रम कमीकडून जास्तीकडे. दहा अणुटक्क्यांच्या नमुन्यामागे साधा नमुना लावला आणि मागचा फक्त हजारातला एक भाग उरला, तरी साध्याचा डेल्टा (हवेतल्या नायट्रोजनच्या तुलनेत जड-हलक्या गुणोत्तरातला फरक) सुमारे २६ प्रति हजार चढतो. जहाल, म्हणजे भरपूर नायट्रोजन-१५ असलेला, नमुना तीनदा लावा, पहिलं वाचन सोडून द्या. स्टँडर्डही (आकडा आधीच माहीत असलेला तुलनेचा नमुना) त्याच पट्ट्यातलं हवं: आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं आयएईए-३११ हे अमोनियम सल्फेट साधारण २.०५ अणुटक्क्यांचं आहे.

त्याहून फार वर गेलात तर नायट्रोजन रेणूच्या २८ आणि २९ वस्तुमानांवर भागत नाही. दोन्ही अणू जड असलेले रेणू ३० वर येतात, आणि आयन स्रोतात तयार होणारा नायट्रिक ऑक्साइडही नेमका तिथेच येऊन बसतो. ही डोकेदुखी मी घेत नाही. त्याच कॅप्सूलमध्ये साधं अमोनियम सल्फेट तोलून घालते. ज्वलनात दोन्हींचा नायट्रोजन एकत्र होतो. दोन्हीकडचा नायट्रोजन किती ते माहीत असलं की मूळ आकडा गणिताने काढता येतो. वजन मात्र चोख हवं, इथली चूक थेट उत्तरात उतरते.

हिशोब अणुटक्क्यांतच ठेवा. एक अणुटक्का म्हणजे डेल्टात जवळपास १७५० प्रति हजार. डेल्टाच्या असल्या आकड्यांची सरळ वजाबाकी करू नका. अणुटक्क्यांत नमुन्यातून कंट्रोल वजा केला की उरतो तो अतिरिक्त नायट्रोजन-१५.

ट्रेच्या शेवटी सुरुवातीचाच कंट्रोल पुन्हा लावा. आकडा सरकला असेल तर रिकाम्या कॅप्सूल जाळत बसायचं आणि ट्रे पुन्हा लावायची.