कसारा घाट उतरण्याआधी टायरची हवा

नाशिकहून पहाटे मुंबईला निघायचं असेल, तर हवेची तयारी आदल्या संध्याकाळी करा. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावरचं स्टिकर वाचा आणि पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे कागदावर उतरवून घ्या. बऱ्याच गाड्यांत दोन रकाने असतात: मोजकी माणसं आणि पूर्ण भरलेली गाडी. पाच जण आणि डिकीत द्राक्षांच्या पेट्या असतील, तर दुसरा रकाना धरायचा. टायरच्या कडेवर कोरलेला ४४ किंवा ५१ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) हा आकडा म्हणजे त्या टायरची कमाल मर्यादा. तेवढी हवा भरली की गाडी खड्ड्यागणिक उडते आणि टायर मधोमध झिजतो.

आता दाबाचं एकक. स्टिकरवर किलोपास्कल, गेजवर (हवेचा दाब मोजायच्या साधनावर) बार आणि पंपावरचा पोरगा बोलतो पीएसआयमध्ये, त्यामुळे कागदावर तिन्ही लिहून ठेवलेलं बरं. १ बार म्हणजे १०० किलोपास्कल, म्हणजेच १४.५ पीएसआय. स्टिकरवर २३० किलोपास्कल असेल तर २.३ बार, साधारण ३३ पीएसआय. घाईत किलोपास्कलला ७ ने भागा, अर्ध्या-एक पीएसआयच्या फरकाने उत्तर येतं. जुन्या गेजवर किलो प्रति चौरस सेंटिमीटर दिसलं तर घाबरू नका. ते बारपेक्षा जेमतेम २ टक्क्यांनी वेगळं आहे.

गेज मात्र स्वतःचं हवं. काट्याचं घेणार असाल तर ० ते ६० पीएसआयचं घ्या. ट्रकसाठीच्या १५० च्या गेजवर ३३ हा आकडा तळाशीच अडकतो, आणि काट्याचं गेज सगळ्यात खरं बोलतं ते मधल्या पट्ट्यात. आत वाकवलेली पितळी नळी असते. गेज एकदा फरशीवर पडलं की काटा शून्यावर परत येतोय का ते आधी बघायचं. पेन्सिल गेजची, म्हणजे पेनासारख्या गेजची, बाहेर सरकणारी पट्टी धुळीने अडते. डिजिटल गेजचा सेल उतरला की आकडे नाचतात.

पहाटे, गाडी किमान तीन तास उभी असताना, मोजा. वॉलचं, म्हणजे हवा भरायच्या तोंडाचं, टोपण काढा, गेज सरळ आणि एका दमात दाबा. फुस्स आवाज येत राहिला तर गेज तिरकं बसलंय, आकडा कमी येणार. दोन-तीनदा मोजून सगळ्यात मोठा आकडा धरा. जानेवारीत पहाटे १० अंश आणि दुपारी २८ असेल, तर त्याच टायरमध्ये जवळपास ३ पीएसआयचा फरक पडतो. म्हणून दुपारचं माप पहाटेच्या कामाचं नाही.

हवा कमी निघाली तर खरी गंमत पुढे आहे. घरी २९ निघाली, हवी ३३, म्हणजे तूट ४. पंपावर पोचेपर्यंत टायर तापून तिथलं मशीन ३१ दाखवेल. तिथे ३३ वर थांबू नका, ३१ मध्ये ४ मिळवून ३५ करा. आणि तापलेल्या टायरमधली ‘जास्त’ हवा काढायची नाही. गार झाल्यावर ती कमी पडते. नायट्रोजन भरलेल्या टायरलाही हाच हिशोब. साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो.

स्टेपनी विसरू नका. बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिच्यावर बहुधा ६० पीएसआय, म्हणजे ४.२ बार, लिहिलेलं असतं.

मुंबईत पोचून मोजलंत तर आकडा तापमान तेच असतानाही साधारण १ पीएसआय कमी दिसेल. गेज बाहेरच्या हवेशी तुलना करून दाब सांगतं, आणि नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. हवा गळालेली नसते.

कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. महिन्याभराने पुन्हा मोजताना एकच चाक मागे पडलेलं दिसलं, तर वॉलच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडा. बुडबुडा फुगला तर आतली पिन आवळा किंवा बदला. टायर खोलायची गरज नाही.