जॅझ पियानो ऐकायला सुरुवात करताय? आधी बेस ऐका

दर डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला जाऊन बसणारे, विलंबित एकतालाची सम बरोब्बर पकडणारे माझे मित्र, त्यांना आजकालचा जॅझ पियानो ऐकवला की पाचव्या मिनिटाला म्हणतात, छान आहे रे पण चाललंय काय ते कळत नाही. मलाही पहिली दोन-तीन वर्षं असंच व्हायचं. कारण एकच, आपण पियानोच्या मागे धावतो, आणि जागा धरून ठेवायचं काम तर बहुतेक वेळा बेसवाला, म्हणजे डबल बेस हे खालच्या सुरांचं मोठं तंतुवाद्य वाजवणारा, करत असतो. आपल्याकडे तबल्याच्या सोलोला पेटीवाला लेहरा, म्हणजे तीच ती धून परत परत, धरतो ना, साधारण तसं समजा.

म्हणून मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. डबल बेसची सगळ्यात खालची तार साधारण ४१ हर्ट्झची, ती त्या इवल्याशा स्पीकरमधून नीट येतच नाही. साधे वायरवाले इअरफोन चालतील, पण शांत जागा हवी. मी वर्षभर हिंजवडीला जाता-येता बसमध्ये ऐकायचो, इंजिनच्या घरघरीत बेस पार बुडायचा, आणि मग एकदा पावसात घरी लाईट गेलेली असताना तोच अल्बम ऐकला आणि कळलं की अरे, अर्धं गाणं तर मी ऐकलंच नव्हतं.

पहिला अल्बम ब्रॅड मेल्डाऊ ट्रिओचा, म्हणजे तिघांच्या संचाचा, 'ब्लूज अँड बॅलड्स', २०१६ चा. पियानोवर स्वतः मेल्डाऊ. बेसवर लॅरी ग्रेनेडियर, ड्रम्सवर जेफ बॅलर्ड. सातच ट्रॅक आहेत. त्यातला 'चेरिल' आधी लावा, मूळ धून सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करची आणि ती ब्लूज आहे, म्हणजे १२ बारची, प्रत्येक बारमध्ये ४ मात्रा, एकूण ४८. आता हे बघा, ४८ म्हणजे १६ मात्रांच्या तीनतालाची बरोब्बर तीन आवर्तनं! आणि हा नुसता आकड्यांचा योगायोग नाही, ब्लूजच्या ओळीच चार-चार बारच्या तीन असतात, म्हणजे एका ओळीला एक तीनताल. तर हातावर तीनताल धरा, दर तिसऱ्या आवर्तनानंतर सगळं परत पहिल्यापासून सुरू होतं. फक्त तीनतालातली 'खाली', टाळीऐवजी हात मोकळा सोडायची जागा, शोधू नका, ती इथे नसते, आणि झांजेसारखा जो 'चिक्' वाजतो तो बऱ्याचदा दोन आणि चारवर असतो, त्याला सम समजलात तर घोळ होईल. सुरुवातीला आणि शेवटी मूळ धून येते, मधे सगळी उपज, म्हणजे ऐनवेळी सुचलेलं, पण ते चक्र आतल्या आत फिरतच असतं. हे एकदा हाताला लागलं की अंगावर काटा येतो, खरंच सांगतो. मग त्याच अल्बममधलं 'दीज फूलिश थिंग्ज' घ्या, ते ३२ बारचं, आठ-आठचे चार तुकडे, त्यातला तिसरा वेगळा, साधारण अंतऱ्यासारखा. लय संथ आहे, मोजताना घाई करू नका.

या एका अल्बमला दोन आठवडे द्या. रोज नवीन अल्बम लावून काही होत नाही.

त्यानंतर एस्ब्योर्न स्वेनसन ट्रिओचा २००३ चा 'सेव्हन डेज ऑफ फॉलिंग'. स्वीडनची मंडळी, यांना लोक ई.एस.टी. म्हणतात. धुना सोप्या, गुणगुणता येतील अशा, आणि बेसवाला डॅन बर्ग्लुंड कधीकधी गज लावून असा काही घुमवतो की इलेक्ट्रिक गिटार वाटावी. पियानोवाला स्वेनसन २००८ मध्ये डायव्हिंग करताना गेला, वय फक्त ४४. मला अजून त्याची हळहळ वाटते.

मग विजय अय्यर. तमिळ घरातला, अमेरिकेत जन्मलेला, आधी गणित-फिजिक्स शिकलेला माणूस. २००९ चा 'हिस्टॉरिसिटी' घ्या, बेसवर स्टीफन क्रम्प आणि ड्रम्सवर मार्कस गिलमोर. इथे मोजणं अवघड जातं, गुंतागुंतीची लयकारी आहे, पण आपल्या कानाला ती तितकी परकी वाटत नाही. चुकलात तर बेसवर परत या. त्याचाच २०११ चा 'तीर्थ' पण ऐका, त्यात प्रसन्ना गिटारवर आणि नितीन मित्ता तबल्यावर. खरं तर पुण्यातले बरेच जण तबला आहे म्हणून 'तीर्थ'च आधी लावतात, माझं मत विचाराल तर तसं करू नका, कान मग तबल्यालाच चिकटतो आणि पियानो राहून जातो.

तिग्रान हमास्यानचा 'मॉकरूट' (२०१५) विषम मात्रांची आवड असेल तर. आर्मेनियाच्या लोकसंगीतातून आलेला आहे आणि जोरकस वाजवतो, रात्री झोपायच्या आधी नको.

सोलो पियानो सगळ्यात शेवटी. कीथ जॅरेटची 'कोलन कॉन्सर्ट' आजची नाही, २४ जानेवारी १९७५ ची, पण लोक नवख्याला पहिल्यांदा हीच देतात, आणि त्यात ना बेस ना ड्रम्स, जवळजवळ सगळं जागच्या जागी सुचलेलं, सहासष्ट मिनिटं. त्या रात्री मिळालेला पियानो छोटा होता, खालचे सूर दुबळे होते, म्हणून जॅरेट डाव्या हाताने तेच ते ठेके परत परत फिरवत राहिला. एवढे दिवस बेस ऐकून झाल्यावर लावाल तेव्हा तुमचा कान आपोआप त्या डाव्या हाताकडे जाईल.