ग्रामीण विदर्भातल्या कॉलेजात आर्थिक साक्षरता शिकवताय? या चुका टाळा

यवतमाळ, वाशिम, बुलढाणा, गडचिरोलीतल्या तालुक्याच्या कॉलेजांत आर्थिक साक्षरता आणि उद्योजकता हे विषय आले, पण उदाहरणं पुण्या-मुंबईचीच राहिली. मुलं परीक्षा पास होतात, सर्टिफिकेट घेतात आणि घरच्या हिशोबात मात्र काही बदलत नाही. पुढच्या चुका टाळता आल्या तर हा विषय खरोखर घरापर्यंत पोचेल.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पगारापासून सुरुवात करणं. 'महिन्याच्या कमाईतले 20 टक्के बाजूला टाका' हे वाक्य ज्याच्या घरी महिन्याला कमाई येतच नाही, त्याला काय कामाचं? इथे सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या मागेपुढे येतो, मग कापसाचा, पुढे तुरीचा. आणि जूनमध्ये बियाणं, खत, भावंडांच्या वह्या-पुस्तकं, कॉलेजची फी सगळं एकदमच अंगावर येतं. म्हणून पहिल्याच तासाला बारा महिन्यांचा तक्ता काढायला लावा : कोणत्या महिन्यात किती आले, किती गेले. जून ते सप्टेंबरचा खड्डा मुलांना स्वतःलाच दिसतो. कर्ज, विमा, बचत हे सगळं त्या खड्ड्यापासून शिकवा.

व्याजाचंही तसंच. सूत्र पाठ असतं, पण बँकेचे 7 टक्के वर्षाचे आणि सावकाराचे 3 टक्के महिन्याचे, हे फळ्यावर शेजारी शेजारी मांडलं जात नाही. 50,000 रुपये सहा महिन्यांसाठी घेतले तर सावकाराचं व्याज 9,000. पीककर्जाचं 7 टक्क्यांनी 1,750, आणि वेळेवर फेडल्यावरची केंद्राची 3 टक्के सवलत धरली तर 1,000. कृषी केंद्रातली उधारीही मांडा. समजा जूनमध्ये रोखीने 1,200 ला मिळणारी खताची बॅग नोव्हेंबरच्या वायद्यावर 1,350 ला लिहिली. पाच महिन्यांत 150 रुपये जास्त, म्हणजे वर्षाला 30 टक्के. कागदावर व्याज कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून ते कुणी मोजत नाही.

हे तर अजिबात करू नका

'तुमच्या घरावर किती कर्ज आहे ते लिहून आणा' असा प्रकल्प देऊ नका. आपल्या भागात कर्ज हा नुसता आकडा नाही. वर्गात अशी मुलं बसलेली असतात ज्यांच्या घरातला माणूस कर्जापायी गेलाय. त्यांना सगळ्यांसमोर आकडे वाचायला लावणं क्रूर आहे. पाच एकर कोरडवाहू, दोन मुलं, एक बैलजोडी, बचत गटाचा हप्ता असं एक काल्पनिक कुटुंब तयार करा आणि सगळ्यांनी त्याचाच हिशोब करावा. ज्याला घरचं बोलायचं असेल तो तासानंतर आपणहून येतो. त्याच्यासाठी वेळ ठेवा.

उद्योजकता : घरची तूर फुकट नसते

स्टार्टअप स्पर्धेत अॅप आणि ड्रोनची पीपीटी करून घेण्यापेक्षा एका मालाची पक्की किंमत काढायला शिकवा. डाळ घ्या. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दालमिल गावोगावी माहीत आहे. मुलगा 110 रुपये किलोने डाळ विकायचं ठरवतो आणि नफा विचारला की म्हणतो, "सर, तूर तं घरचीच हाये!" इथेच थांबवा. तुरीचा बाजारभाव समजा 7,500 रुपये क्विंटल आणि क्विंटलमागे डाळ निघाली 72 किलो. नुसत्या तुरीचेच किलोला 104 रुपये झाले. भरडाई, पिशवी, गाडीभाडं, उधारीत अडकलेला पैसा आणि आईची मजुरी अजून धरलेलीच नाही. चुणी (डाळ भरडताना निघणारा चुरा) विकून थोडं परत येईल, तेही मांडा. हा एक हिशोब नीट झाला की वायगावच्या हळदीची किंवा भिवापूरच्या मिरचीची पूड मुलं स्वतः मांडतात.

वेळापत्रकाचीही चूक होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वर्ग रिकामा दिसला की मुलांना रस नाही असं समजू नका. सोंगणी आणि वेचणी सुरू असते. महत्त्वाचे तास जुलै-ऑगस्टमध्येच घ्या.

मोबाइलचा भाग थोडक्यात, पण न चुकता. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. फसवणूक झाली की लगेच 1930 ला फोन. कर्जाच्या अॅपवर आधी की फॅक्ट स्टेटमेंट (कर्जाचा दर, खर्च आणि अटी एकत्र लिहिलेला कागद) मागायचं आणि त्यातला एपीआर, म्हणजे सगळे खर्च धरून वर्षाचा दर, बघायचा. शिष्यवृत्ती आली नाही अशी तक्रार असेल तर आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते आधी तपासा. बरेचदा पैसे विसरलेल्या जुन्या खात्यात पडलेले असतात.

शेवटची चूक म्हणजे पाहुण्यांकडून योजनांची यादी वाचून घेणं. पीएमईजीपीत (नवा धंदा काढायला बँकेच्या कर्जासोबत अनुदान देणारी केंद्राची योजना) ग्रामीण भागात अनुदान 25 टक्के, महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी अशा गटांना 35 टक्के, एवढंच मुलं ऐकतात. हे पैसे हातात येत नाहीत, तीन वर्षं बँकेत कर्जदाराच्या नावे ठेव म्हणून राहतात आणि धंदा चालू असला तरच कर्जात वळते होतात, हे कुणी सांगत नाही. एखाद्या मुलाला खरंच सुरुवात करायची असेल तर त्याला आधी जिल्ह्याच्या आरसेटीत, म्हणजे बँकेतर्फे चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत पाठवा. तिथलं प्रशिक्षण, राहणं, जेवण मोफत असतं. बँकेने प्रकरण नाकारलं तर कारण लेखी मागायला सांगा आणि तो कागद घेऊन जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या (जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांच्या कामाचा मेळ घालणारी बँक) व्यवस्थापकाकडे त्याच्यासोबत तुम्हीही जा.