जुनी अमेरिकन मसल कार घ्यायचीय? आधी अस्सल-नक्कल ओळखायला शिका

मसल कार (म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातली, मधल्या साइझच्या बॉडीत मोठं ताकदवान इंजिन बसवलेली अमेरिकन गाडी) घ्यायची म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न हाच विचारतो, तुम्हाला गाडी हवीय का तिचा दुर्मिळपणा हवाय? कारण दोन्हीचे पैसे वेगळे लागतात. १९७० ची शेव्हर्लेची साधी शेव्हेल मालिबू घ्या, आत ३५० क्युबिक इंचाचं व्ही-८, काय आवाज, काय ओढ, दिवसभर चालवत राहावंसं वाटतं. तीच शेव्हेल एसएस ४५४ (सुपर स्पोर्ट, ४५४ क्युबिक इंचाची) असेल आणि त्यातही एलएस६ या सगळ्यात ताकदवान इंजिनवाली असेल तर किंमत कित्येक पटींनी वर जाते. बाहेरून बघाल तर बॉनेट, त्यावरचे पट्टे आणि दोनचार बॅज एवढाच काय तो फरक, आणि हे सगळं नवं कोरं बनवून विकणारे ढीगभर आहेत, कुणीही मागवून लावू शकतो. म्हणजे तुम्ही जे जास्तीचे पैसे मोजता ते रंगाला किंवा बॅजला नाही, लोखंडावर ठोकलेल्या नंबरांना आणि कागदांना मोजता. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आधी थोडं मागचं सांगतो, कारण त्याशिवाय काय शोधायचं तेच कळणार नाही. १९६४ च्या मॉडेलसाठी जनरल मोटर्सच्या (जीएम) पॉन्टिअ‍ॅकमधे मुख्य इंजिनिअर जॉन डीलोरीअन आणि त्याच्या इंजिनिअरांनी मधल्या साइझच्या टेम्पेस्टमधे मोठ्या गाडीचं ३८९ क्युबिक इंचाचं इंजिन बसवलं. जनरल मोटर्सचा नियम होता की या साइझच्या गाडीत ३३० च्या वर जायचं नाही, मग यांनी ती वेगळी गाडी म्हणून काढलीच नाही, ऑप्शन पॅकेज म्हणून विकली, नाव दिलं जीटीओ. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या गेल्या आणि मग सगळ्या कंपन्यांची जी चढाओढ लागली ती लागलीच. १९७० च्या मॉडेलपासून जीएमनं स्वतःची मर्यादाच काढून टाकली आणि त्या एका वर्षात शेव्हेलमधे ४५० हॉर्सपॉवरचं एलएस६ आलं, ब्युइकनं जीएसएक्स काढली जिचा टॉर्क ५१० फूट-पाउंड होता आणि ज्या फक्त ६७८ बनल्या, क्रायस्लरच्या प्लिमथनं नव्या कुडामधे (बाराकुडाची जोरदार आवृत्ती) हेमी नावाचं ४२६ क्युबिक इंचाचं इंजिन दिलं.

आणि लगेच सगळं संपलंसुद्धा. इन्शुरन्सवाल्यांनी तरुण पोरांचे हप्ते असे वाढवले की गाडी परवडायची पण हप्ता नाही, १९७१ पासून जीएमनं कमी ऑक्टेनच्या बिनशिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधे हवा-पेट्रोल किती दाबलं जातं ते) उतरवलं, प्रदूषणाचे नियम आले, १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांची तेलबंदी. (एक लक्षात ठेवा, १९७२ पासून हॉर्सपॉवर नेट पद्धतीनं, म्हणजे गाडीत असतं तसं सगळं जोडून मोजायला लागले, आधीचे आकडे इंजिन बाहेर काढून, सायलेन्सर-बिलेन्सर न लावता मोजलेले असायचे, त्यामुळे १९७० आणि १९७२ च्या आकड्यांची सरळ तुलना करू नका.)

आता दुर्मिळ का, तर या गाड्या त्या वेळीसुद्धा महाग होत्या म्हणून. हेमी इंजिनाला एकट्याला जवळजवळ ८७० डॉलर जास्तीचे पडायचे आणि पूर्ण कुडा तीन हजारांच्या थोडी वर मिळायची, मग किती जण घेणार? १९६९ ची कमॅरो झेडएल१, आत अ‍ॅल्युमिनियमचं ४२७, एकूण ६९ बनल्या. त्यातल्या ५० इलिनॉयमधल्या ला हार्प नावाच्या छोट्या गावातल्या डीलरनं, फ्रेड गिबनं मागवल्या होत्या, पण बिलं आली ती गाडीमागे सात हजार डॉलरच्या वर, आणि बऱ्याचशा खपल्याच नाहीत, परत पाठवाव्या लागल्या! ज्या गाडीसाठी आज लोक रांगेत उभे राहतात ती तेव्हा शोरूममधे पडून होती, मला या गोष्टीचं दर वेळी नव्यानं नवल वाटतं. १९७१ ची हेमी कुडा कन्व्हर्टिबल तर साधारण ११ च बनल्या असं धरलं जातं, त्यातली एक २०१४ मधे सिअ‍ॅटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. ज्या खपल्या त्यातल्याही कितीतरी ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर) ताणल्या गेल्या, इंजिनं फुटली, दुसरी बसवली, उरलेल्या हिवाळ्यात बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर गंजल्या.

इथं एक सावधगिरी. विकणारा म्हणेल "ही एकमेव आहे", विचारलं तर कळतं की या रंगात, या सीटच्या कापडात, या रेडिओसकट एकच बनली. असं मोजायला गेलं तर कुठलीही गाडी एकमेव निघते. किंमत ठरवताना इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी (पक्क्या छपराची हार्डटॉप का उघडणाऱ्या छपराची कन्व्हर्टिबल) या तीन गोष्टी मोजा, बाकी सगळं चटणी-कोशिंबीर.

आता कामाला लागू. गाडी बघायला जायच्या आधी कागद मागा, आणि इथं कुठल्या कंपनीची गाडी आहे यावर सगळं अवलंबून असतं. पॉन्टिअ‍ॅक असेल तर तुम्ही नशीबवान, पॉन्टिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे फॅक्टरीच्या बिलांच्या नोंदी आहेत, व्हिन (गाडीचा फॅक्टरीतला ओळख नंबर) दिला की मूळ गाडी काय होती ते कळतं, जीटीओ का तिच्यासारखीच दिसणारी साधी लमान्स. फोर्ड असेल आणि १९६७ किंवा नंतरची असेल तर मार्टी रिपोर्ट काढा, तो फोर्डच्याच उत्पादनाच्या डेटावरून बनतो. या दोन्हीला फार पैसे पडत नाहीत, आणि विकणारा "कशाला हवाय रिपोर्ट" म्हणत असेल तर तिथूनच मागे फिरा. शेव्हर्ले मात्र अवघड, अमेरिकेत विकलेल्या त्या काळातल्या बहुतेक गाड्यांच्या अशा नोंदी मिळत नाहीत, तिथं बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवायचं त्याची फॅक्टरीतली यादी), विंडो स्टिकर (शोरूममधे काचेवर लावलेला किमतीचा कागद), मूळ वॉरंटी बुकमधली प्रोटेक्ट-ओ-प्लेट नावाची छोटी धातूची पट्टी यावर भिस्त. बिल्ड शीट बऱ्याचदा पेट्रोलच्या टाकीच्या वर किंवा सीटच्या स्प्रिंगमधे अडकलेली सापडते. सीटखाली पन्नास वर्षं राहिलेल्या कागदावर स्प्रिंगच्या गंजाचे डाग असतात, घड्या फाटलेल्या असतात. एकसारखा चहात बुडवल्यासारखा पिवळा कागद दिसला की समजा काहीतरी शिजतंय.

क्रायस्लरच्या गाड्यांचं एक बरं असतं, इंजिन व्हिनमधेच लिहिलेलं असतं. डॅशबोर्डवर ड्रायव्हरच्या बाजूला काचेतून वाचा. बीएस२३आर०बी असं सुरू होत असेल तर बी म्हणजे बाराकुडा, एस म्हणजे कुडाची वरची श्रेणी, २३ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, आर म्हणजे ४२६ हेमी, ० म्हणजे १९७० आणि शेवटचा बी म्हणजे हॅमट्रॅमक, मिशिगनची फॅक्टरी. पाचव्या जागी आर च्या ऐवजी जी असेल तर ती ३१८ वाली साधी गाडी म्हणून जन्मली, आज आत काहीही बसलेलं असो. मग बॉनेट उघडा, डाव्या आतल्या फेंडरवर छोटी टॅग असते, तिच्यावर इंजिनाचा कोड ई७४ दिसला पाहिजे. व्हिनचा शेवटचा भाग रेडिएटरच्या वरच्या सपोर्टवर, बॉडीवर आणि इंजिन ब्लॉकवरही ठोकलेला असतो, तो सगळीकडे जुळतोय का ते टॉर्च लावून बघा. डॅशवरची व्हिनची पट्टी फुलासारख्या डोक्याच्या खास रिव्हेटनी बसवलेली असते, साधे गोल रिव्हेट दिसले, आजूबाजूला ओरखडे दिसले, तर गाडी कितीही देखणी असो हात जोडा आणि निघा, व्हिन बदलणं हा अमेरिकेत फेडरल गुन्हा आहे आणि अशी गाडी पोलीस जप्त करू शकतात.

शेव्हेलचं उलटं. १९७० ला एसएस हे मालिबूवरचं फक्त पॅकेज होतं, व्ही-८ हार्डटॉपचा व्हिन १३६३७० नं सुरू होतो मग ती एसएस असो नसो. म्हणून इंजिनावरच जावं लागतं, आणि हाच भाग मी सगळ्यात जास्त वेळ देऊन बघतो. उजव्या सिलिंडर हेडच्या पुढच्या टोकाला खाली ब्लॉकवर एक सपाट पॅड असतं, ऑइल-धूळ कापडानं आणि थोड्या सॉल्व्हंटनं पुसा, घासायचं मात्र नाही, वायर ब्रश तर लावूच नका. तिथं टी०२१२सीआरव्ही असं काही दिसेल. टी म्हणजे टोनावांडा, न्यूयॉर्कची इंजिन फॅक्टरी, ०२१२ म्हणजे १२ फेब्रुवारी, सीआरव्ही म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सवालं एलएस६ (ऑटोमॅटिक असेल तर सीआरआर). ब्लॉकवर ओतकामाची वेगळी तारीख असते, तिथं अक्षर म्हणजे महिना, ए जानेवारी, बी फेब्रुवारी असं. क्रम डोक्यात ठेवा, आधी ब्लॉक ओतला, मग इंजिन जुळलं, मग गाडी बनली. इंजिनाची तारीख गाडी बनल्याच्या नंतरची असेल तर ते इंजिन त्या गाडीचं नाहीच. ३९६३५१२ हा कास्टिंग नंबर दाखवून कुणी एलएस६ म्हणत असेल तर भुलू नका, ४५४ च्याच कमी ताकदीच्या एलएस५ मधेही तोच ब्लॉक होता.

आता त्याच पॅडवर टॉर्च आडवा धरा. फॅक्टरीत ब्लॉकचा वरचा भाग ब्रोच मशिननं कापायचे, त्याच्या केसाएवढ्या बारीक समांतर रेषा अक्षरांच्या खालून आरपार गेलेल्या दिसतात. पॅड आरशासारखं गुळगुळीत असेल, किंवा रेषा वेड्यावाकड्या असतील, तर कुणीतरी जुना नंबर घासून नवा ठोकलाय अशी शंका घ्या. इंजिन कधीतरी रिबिल्ड करताना डेक (ब्लॉकचा वरचा सपाट भाग) घासला गेलेला असू शकतो, ते प्रामाणिकही असू शकतं, पण मग किंमत अस्सल नंबरवाल्या गाडीची द्यायची नाही. फोटो काढून त्या मॉडेलच्या जाणकाराला दाखवा, इथं पाचशे-हजार डॉलर फी द्यायला मागंपुढं बघू नका.

बॉडीचं थोडक्यात. चुंबकाला पातळ कापड गुंडाळून चाकांच्या मागच्या पत्र्यावर फिरवा, जिथं चिकटत नाही तिथं पुट्टी. डिकीचा कार्पेट उचला. व्हायनल छप्पर असेल तर मागच्या काचेच्या कडेला दाबून बघा, खाली पाणी साचून गंज धरतो. मस्टँगमधे डॅशखाली ओल येते का बघा, शेव्हेलमधे मागच्या चाकांच्या पुढची फ्रेम, क्रायस्लरच्या गाड्यांत टॉर्शन बारचा (पुढच्या सस्पेन्शनच्या पिळाच्या दांड्यांचा) आडवा आधार म्हणजे क्रॉसमेंबर, तो कुजला असेल तर खर्चाला अंत नाही.

चालवताना इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा, आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. ब्रेक बऱ्याच गाड्यांत चारी ड्रमचे असतात, अंतर ठेवून चालवा, आणि मग एकदा मोकळा रस्ता बघून दुसऱ्या गिअरमधे पाय दाबा. सीटमधून पाठीत जो धक्का बसतो ना, त्यासाठीच हे सगळं, तो बनावट एसएसमधेही बसतो हे अगदी खरं आहे, म्हणून क्लोन गाडीला (साध्या गाडीची बनवलेली नक्कल) मी कधी नावं ठेवत नाही, फक्त ती क्लोन म्हणून आणि क्लोनच्या भावात घ्या.

घेतल्यावर, ११.२५ कॉम्प्रेशनच्या एलएस६ ला पंपावरचं सगळ्यात वरचं पेट्रोल, फ्लॅट टॅपेट कॅमसाठी (व्हॉल्व्ह उघडणारी जुन्या पद्धतीची, घासून चालणारी रचना) जास्त झिंकवालं ऑइल, आणि जुने रबरी पेट्रोल पाइप लगेच बदला, इथेनॉलनं ते आतून खराब होतात. इन्शुरन्स अग्रीड व्हॅल्यूचाच (गाडीची किंमत आधीच ठरवून घेतलेला) घ्या, साधा घेतला तर नुकसान झाल्यावर घसारा कापून हातात काहीच येत नाही. पॉलिसी काढताना पॅडचे, टॅगचे आणि बिल्ड शीटचे फोटो सोबत जोडा आणि मूळ कागद गाडीत न ठेवता बँकेच्या लॉकरमधे ठेवा.